जांभळा झालेला निळा

माझ्या कॉम्प्युटरशेजारी भिंतीवर एक यादी चिकटवलेली आहे: अल्बम छापायला पाठवण्याआधी करायच्या नऊ गोष्टी. त्यातल्या पाचवीखाली दोन रेघा आहेत. त्या पालमच्या एका ताईंमुळे आल्या.

परभणीत आमचा स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो नवरा काढतो, अल्बम मी जुळवते. ताईंच्या मुलीचं लग्न बौद्ध पद्धतीनं झालं. नवरीची साडी पांढरी, काठ निळे. पंचशील ध्वजातलाच निळा हवा म्हणून ताई तीन गावांचे बाजार हिंडल्या होत्या. आता लेक लग्नानंतर पहिल्यांदा राहायला येणार होती आणि त्याआधी अल्बम घरात हवा होता.

छपाईच्या लॅबमधून नमुन्याचं पान आलं, तशा ताई एसटीनं आल्या. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेऊन काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "ताई, ह्यो जांभळा हाय. जांभळ्या काठाची साडी आमी घेतलीच न्हाई."

खरंच जांभळा होता. चूक लॅबची नव्हती, माझी होती.

कॉम्प्युटरचा पडदा रंग दाखवतो उजेडानं, कागद दाखवतो शाईनं. पडद्यावरचा झगझगीत निळा शाईला झेपत नाही, तो जांभळ्याकडे झुकतो. लॅब आपल्या कागदाची एक फाइल देते. ती लावली की छापल्यावर रंग कसा दिसेल ते पडद्यावर आधीच कळतं. हेच सॉफ्ट प्रूफ, यादीतलं पाचवं काम. मी ते केलं होतं. काठ जांभळे दिसलेही होते. पण गिऱ्हाइकाला फोटो चमकदार दिसावेत म्हणून आमचा पडदा कायम पूर्ण उजेडावर. त्या चमकेला सरावलेल्या माझ्या डोळ्यांना प्रूफ मळकट वाटलं, फाइलच बिघडली असेल म्हणून मी ते बंद केलं आणि यादीवर टिक मारून मोकळी झाले.

ताईंना सांगितलं, पुढच्या वेळी साडी घेऊन या. त्या बुधवारी आल्या, साडी दोन पिशव्यांत गुंडाळलेली. मी पडद्याचा उजेड उतरवला आणि त्यांना डोळे मिटायला लावले. प्रूफ लावताना बघत बसलं, की सगळं एकदम विझल्यासारखं वाटतं. डोळे उघडून नव्यानं पाहिलं तर तितकं खटकत नाही. मग निळा थोडा आकाशीकडे सरकवला, भडकपणा कमी केला, पुन्हा काठाशी ताडून पाहिला. असं सात-आठदा. ताईंना काही पटेना. "मेल्यावानी दिसायलाय," म्हणाल्या. मी म्हटलं, एक पान छापून येऊ द्या, मग बोला.

पान आलं तेव्हा त्यांच्यासोबत त्यांचे यजमानही आले. ते निवृत्त शिक्षक. दोघांनी दारातच पाकीट उघडलं आणि ताईंचा चेहरा उतरला. काठ हिरवट दिसत होते.  मग माझं लक्ष वर गेलं. उन्हासाठी आम्ही दुकानापुढं हिरवी नेट बांधली आहे, त्याखाली माणसंसुद्धा हिरवी दिसतात. दोघांना नेटच्या बाहेर रस्त्याकडेला नेलं. कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर, त्यांनी सोबत आणलेल्या साडीचा काठ पसरला आणि शेजारी पान ठेवलं.

निळा. तोच निळा.

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि एवढंच म्हणाले, "आता बराबर." ताईंनी तर तिथंच, भर उन्हात, लेकीला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल पानावर धरला. पलीकडून आवाज आला, "आई, ह्यो जांभळाच दिसायलाय की."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, हसल्या आणि शाळेतल्या बाईंच्या थाटात लेकीला म्हणाल्या, "मोबाइलचं काय खरं धरतीस? ये अन् उन्हात बघ. पण आधी डोळे मीट."