बुरुल्चा एजे फळीवर चढते

बुरुल्चा एकोणपन्नास वर्षांची होती आणि अजून सून होती. सासू एक्याऐंशीची, ठणठणीत. घरी कोणीही आलं की चहा बुरुल्चानेच ओतायचा. तोही अर्धा पेला, कारण काठोकाठ भरून दिला तर पाहुण्याला ऊठ म्हटल्यासारखं होतं. असे दिवसाला पन्नास अर्धे पेले.

हिवाळ्याचे चार महिने मात्र ती दुपारपुरती कोणाची सून नसे. चोन-जार गावाच्या वर, झाडं संपतात तिथे, नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, एक गोल तंबू आहे. बर्फावर घसरायला येणारे पाहुणे तिथे जेवतात. सहा हिवाळे त्या तंबूची चूल बुरुल्चाची होती. सकाळी घोड्यावरून वर जायचं. लगमानसाठी कणकेच्या लांब दोऱ्या ओढायच्या. मटणाचा शोर्पो उकळत ठेवायचा. दारातून बर्फ आत आणणाऱ्यांवर ओरडायचं. चहाची किटली मधोमध ठेवलेली असे आणि ज्याचा त्याने ओतून घ्यायचा. हा नियम तिनेच केला होता.

सातव्या हिवाळ्याच्या तोंडावर कडा कोसळला आणि घोड्याची वाट दरीत गेली. गावसमितीने बर्फावर चालणारी मोटर घेतली. ती माणसं वर नेई. खाली मात्र फक्त भांडी आणि गॅसच्या टाक्या आणी, कारण उताराला ती दोनदा कलंडली होती. बुरुल्चाने चालवणाऱ्या शेरबोतोला गोडीत विचारून पाहिलं. सगळ्या गावासारखा तोही तिला एजे, म्हणजे ताई, म्हणे.

"नाही एजे," तो म्हणाला. "पातेलं चेपलं तर ठोकून सरळ करता येतं. तुम्हाला कोण ठोकणार?"

पायी उतरायचं तर कमरेएवढ्या बर्फातून तीन तास. पाचला अंधार.

समितीचा प्रमुख सातिबाल्दी माणूस सरळ होता, म्हणजे त्याला एका वेळी एकच गोष्ट दिसे. त्याने चहाचा अर्धा पेला संपवला आणि निकाल सांगितला.

"जी स्वतःची स्वतः खाली उतरेल तिचा तंबू. नुरज़ादा लहानपणापासून घसरतेय. तिला देतो."

"नुरज़ादाच्या शोर्प्यात मांस शोधायला वाटाड्या लागतो," बुरुल्चा म्हणाली.

"पण ती घरी पोचते."

बुरुल्चाने त्याचा पेला परत अर्धा भरला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मीही उतरेन."

सासूने कानामागे हात धरला. "काय म्हणतेय ही?"

सातिबाल्दीने तारीख दिली, वीस जानेवारी. तंबूपासून रस्त्यापर्यंत उतरून दाखवायचं. कोणाचा हात धरायचा नाही. पायातलं काढून चालायचं नाही. तोवर नुरज़ादा रांधेल. जमलं तर तंबू बुरुल्चाचा. नाही तर विषय पुन्हा काढायचा नाही.

हातात सात आठवडे होते. दोन फळ्यांवर घसरायचं की एका, हे तिने तिथल्या तिथे ठरवलं. "दोन पायांना दोन फळ्या म्हणजे घरात दोन जावा. एकीचं तोंड उगवतीला, दुसरीचं मावळतीला. मला एकच बरी."

गावात फळीवर घसरायला शिकवणारी पेरिज़ात होती. तेवीस वर्षांची, बोलायला तिखट. तिने सांगितलं, "एजे, पहिली फळी हनुवटीपर्यंत येईल एवढीच घ्या. आखूड. मऊ. वाकणारी."

बुरुल्चाने हे नवऱ्याला सांगितलं आणि तिथेच घोडं पेंड खायला गेलं. झुमाकादिर घोड्यांचा व्यापारी होता. बर्फावर तो आयुष्यात कधी घसरला नव्हता, निदान मुद्दाम नाही. पण विकत घ्यायची वस्तू म्हटली की त्याचे डोळे बारीक होत.

"मऊ? वाकणारी? पाठीत वाकणारा घोडा खाटकाकडे जातो, बायको. तू फक्त सोबत चल."

काराकोल शहरातल्या जुन्या मालाच्या बाजारात वालेरा नावाचा रशियन फळ्या विकतो. झुमाकादिरने ओळीतली प्रत्येक फळी उचलली. पाठीवर थाप मारली आणि कान लावून ऐकलं. कडांवरून अंगठा असा फिरवला की जणू दात मोजतोय. एकीला म्हणाला, "म्हातारी." एकीला म्हणाला, "हिने ओझी वाहिलीत." मग एका काळ्या फळीपाशी तो थांबला. ती बुरुल्चाच्या डोक्याहून वीतभर उंच होती. वाकवून पाहिली तर वाकेना.

"हिचा आधीचा स्वार कोण?"

"शर्यतीतला होता," वालेरा म्हणाला आणि त्याला दादा म्हणत समजावू लागला. "बाइके, ही शिकणाऱ्यासाठी नाही. ही पाडते."

"पाडते म्हणजे रग आहे."

"अहो," बुरुल्चा म्हणाली, "हनुवटीपर्यंत म्हणाली होती ती."

"गाढवावर शिकलेला माणूस जन्मभर गाढवच हाकतो."

वालेरा तीस वर्षं त्या बाजारात होता. त्याने सुस्कारा सोडला आणि कोटाची बाही पुढे केली. दोघांचे हात बाहीत गेले. आत बोटं बोटांना भाव सांगत होती आणि बाहेर दोघांचे चेहरे मयताला आल्यासारखे होते. मग हात सुटले. फळी मिनीबसच्या टपावर चढली. वाटेत झुमाकादिरने ड्रायव्हरला दोनदा गाडी हळू घ्यायला लावली. जनावर नवीन आहे, म्हणाला.

घरी सासूने फळीकडे पाहून तीनदा अल्लाचं नाव घेतलं. घरात नवी वस्तू आली की तिला चरबी लावायची. पाळण्याला लावतात, तंबूच्या नव्या काठ्यांना लावतात. म्हातारीने मेंढीच्या शेपटाची पांढरी चरबी काढली आणि फळीला खालून वरून चोळली. "लांब पल्ल्याची हो," ती फळीला म्हणाली. सुनेला काही म्हणाली नाही.

शिकवणी शाळेमागच्या उतारावर सुरू झाली. पेरिज़ातने फळी बघितली, कपाळाला हात लावला आणि काही न सांगता बुरुल्चाला पाठीमागून जोरात ढकललं. बुरुल्चा कोलमडली आणि तिने स्वतःला सावरलं.

"ए पोरी!"

"कोणता पाय पुढे टाकलात एजे?"

"उजवा."

"मग फळीवरही तोच पुढे. तोल तुमच्या उजव्या पायाला कळतो."

बुरुल्चा मुकाट्याने डावा पाय पुढच्या पट्ट्यात घालू लागली. चार वर्षांची असल्यापासून ती घोड्यावर बसत होती. घोड्यावर डावीकडून चढतात. डावा पाय आधी.

"एजे, उजवा."

कुंपणावर बसलेला झुमाकादिर ओरडला, "उजवीकडून घोड्यावर चढवतात ते प्रेताला!"

"बाइके, हिला लगाम कुठाय?" पेरिज़ात म्हणाली. "शेपूट कुठाय?"

"तू शिकव. अक्कल शिकवू नको."

बुरुल्चाने नवऱ्याची बाजू घेतली. यात नवऱ्याचा मान नव्हता. पंचेचाळीस वर्षांची सवय होती. मग तीन आठवडे ती पडली. पाठीवर पडली, तोंडावर पडली, उभ्या उभ्या पडली. फळी वळायची म्हणजे वळायची नाही. तिला सरळ धावणं ठाऊक होतं आणि अंगावरचं ओझं फेकणं ठाऊक होतं. बुरुल्चाच्या नाकी नऊ आले. घरी चहा ओतताना ती आता गुडघ्यांवर बसे, कारण दुसऱ्या कशावर बसता येत नव्हतं.

चौथ्या रविवारी ऊन पडलं. उन्हाने फळीची चरबी पाझरली. बुरुल्चा उताराच्या माथ्यावर पट्टे आवळत होती, तेवढ्यात गावातली चार कुत्री वास घेत वर आली. एकाने फळीचं टोक चाटलं. दुसऱ्याने चावून पाहिलं.

"हुडूत!" बुरुल्चा म्हणाली आणि निघाली.

कुत्रीही निघाली. मागे भुंकणं ऐकून तिची पाचावर धारण बसली. पडायलाही उसंत नव्हती. त्या दिवशी तिने पहिल्यांदाच न पडता सबंध उतार पार केला. थांबायचं कसं हे मात्र शिकायचं राहिलं होतं. उतार संपला, कुंपण आलं, कुंपण गेलं आणि बुरुल्चा सातिबाल्दीच्या गवताच्या गंजीत कमरेपर्यंत घुसली. कुत्री येऊन निवांत फळी चाटत बसली.

सातिबाल्दी घराबाहेर आला. त्याने गंजी पाहिली. गंजीतून बाहेर आलेली फळी पाहिली.

"एजे," तो म्हणाला, "रस्ता तिकडे आहे."

बुरुल्चा गवत झाडत उठली. ती हसली नाही, रडलीही नाही. घरी जाऊन तिने फळी गरम पाण्याने खसखसून धुतली.

घेतलेला घोडा परत नेणं म्हणजे आपले डोळे फुटल्याची दवंडी स्वतःच पिटणं. झुमाकादिर असताना ते शक्य नव्हतं. तो पलीकडच्या खोऱ्यात घोडे बघायला गेला, त्याच सकाळी बुरुल्चा काळी फळी घेऊन मिनीबसमध्ये बसली.

वालेराने तिला येताना पाहिलं आणि मिशांतल्या मिशांत म्हणाला, "पाडलं?"

"पाडलं."

तिने ओळीतली पहिली फळी उचलली. थाप मारली. काहीच कळेना. घोड्यावर तिला बसता येई, घोडा पारखता येत नसे. मग तिने फळी खाली ठेवली, हातमोजे काढले आणि तळव्यांनी मधोमध दाबली. ती कडक होती, न मुरलेल्या कणकेसारखी. दुसरी दाबली. ती बसली ती बसलीच, पाणी जास्त झालेली. बुरुल्चा एकेक दाबत गेली. वालेराने सिगरेट पेटवायची थांबवली. नववी फळी तळव्याखाली जरा दबली आणि मग तिने सावकाश हात वर उचलला.

"ही," ती म्हणाली. "ही ओढली तर तुटायची नाही."

फळी फिकट हिरवी होती. एका टोकाला टवका उडालेला. तिने ती उभी धरली. बरोबर हनुवटीला लागली.

"तुला कोणी शिकवलं?" वालेराने विचारलं.

"तीस वर्षं लगमान ओढतेय."

वालेराने काळीच्या बदल्यात हिरवी दिली आणि वर बूटही दिले. कदाचित त्याला स्वतःचीच लाज वाटत असावी.

दुसऱ्या दिवशी तिने उजवा पाय पुढच्या पट्ट्यात घातला. पेरिज़ात काही बोलली नाही. ती बोलली असती तर बुरुल्चाने पाय काढला असता. उताराच्या मध्यावर बुरुल्चाने टाचांवर भार दिला आणि फळी थांबली. बोटांवर दिला आणि फळी वळली. तिने खाली पाहिलं, जणू फळीने तिला नावाने हाक मारली होती.

झुमाकादिर परत आला. दारात टेकवलेली हिरवी फळी त्याने पाहिली. आत येऊन जेवला. दोन दिवस फळीला वळसा घालून ये-जा करत राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "उजवा पाय?"

"उजवा."

"लोक काय म्हणतील?"

"लोक जेवायला मागतील."

वीस जानेवारीला अर्धं गाव रस्त्यावर जमलं. नुरज़ादा आधी निघाली आणि चार मिनिटांत खाली आली. दुपारचे दोन वाजले होते. मग सगळे वर बघत राहिले. पांढऱ्या डोंगरावर एक काळा ठिपका या कडेपासून त्या कडेपर्यंत जाई आणि थांबे. पुन्हा या कडेला येई. जणू कोणी सबंध डोंगर झाडून काढत होतं.

"पडली," सातिबाल्दी म्हणाला.

"बसली," झुमाकादिर म्हणाला.

"पडली, बाइके. मी पाहिलं."

"एकोणपन्नासचे गुडघे आहेत ते. ती दमली की बसते. तू घरात बसतोस तेव्हा आम्ही पडला म्हणतो का?"

ठिपका अकरा वेळा बसला. बरोबर एका तासाने त्याला चेहरा आला. लाल, घामेजलेला. आता एकच उतार राहिला होता आणि त्यापुढे रस्त्यापर्यंतची सपाटी. जाणकार तो शेवटचा उतार सरळ सोडतात, म्हणजे वेगाने सपाटी निभते. पेरिज़ात रस्त्यावरून किंचाळली, "सोडा! एजे, सरळ सोडा!" पण बुरुल्चाला गंजी आठवली असावी. ती तो उतारही झाडत झाडत उतरली. सपाटीवर आली आणि हळूच थांबली.

रस्ता साठ पावलांवर होता. फळी काढायची नव्हती आणि हात कोणाचा धरायचा नव्हता.

"संपलं," सातिबाल्दी म्हणाला. वाईट त्यालाही वाटलं असावं. सहा हिवाळे त्याने तिचा लगमान खाल्ला होता.

बुरुल्चाने रस्त्याकडे पाहिलं. मग दोन्ही पाय फळीला बांधलेले असताना तिने उडी मारली. वीतभर पुढे आली. परत मारली. पायांना दावं बांधलेला घोडा कुरणात जसा उसळत जातो, तशी.

कोणीतरी हसलं. झुमाकादिरने वळून त्याच्याकडे पाहिलं आणि ते हसू विझलं. मग तो स्वतःच कुंपणावर चढला.

"चू!" तो ओरडला. "चू, बायको! पाठ सरळ! श्वास धर! चू!"

दहाव्या उडीला अर्धं गाव चू-चू करत होतं. विसाव्याला नुरज़ादाही. बुरुल्चा तोंडावर पडली. "बसली!" गाव एका आवाजात म्हणालं. ती उठली. साठ पावलांना तिला पंचवीस मिनिटं लागली. फळीचं टोक डांबराला लागलं तेव्हा ती आडवी झाली आणि आडव्यानेच म्हणाली, "तंबूची चावी."

सातिबाल्दीने चावी दिली. पण त्याला एक गोष्ट दिसली होती.

"दीड तास लागला, एजे. पाहुणे तीनला जेवून उठतात. मग भांडी आवरायची. अंधार पडेल तुला वाटेत."

"मग दोनला उठतील."

"ते पाहुणे आहेत!"

"तंबू कोणाचा?"

सातिबाल्दीने तिच्या हातातल्या चावीकडे पाहिलं.

नुरज़ादा आता पेरिज़ातबरोबर घसरायला शिकवते. त्याने सगळ्यांच्याच पोटाला बरं पडलं. आणि वर तंबूत दोन वाजले की बुरुल्चा एजे वाडगे उचलू लागते. परवा एका बेल्जियन पाहुण्याचा लगमान अर्धा राहिला होता. त्याने वाडगा दोन्ही हातांनी धरून ठेवला. तिने तो ओढून घेतला, लगमान डब्यात ओतला आणि डबा त्याच्या छातीशी दिला.

"खाली जाऊन खा. मला लांब जायचंय."

तो चार मिनिटांत खाली पोचला. मग गरम डबा मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला दोन तास वर बघत बसला. चमचा तिच्या खिशात होता.