प्रबंधातले आकडे आणि माझं डोकं

जालन्यात बस स्टँडच्या मागं माझं प्रबंध टाइप करायचं दुकान आहे. इथं किस्से गोळा करावे लागत न्हाईत, कस्टमरच पेन ड्राइव्हमध्ये घेऊन येतात! या वर्षीचे सगळे एकट्या गजानन सरांचे. मंठ्याच्या कॉलेजात तासिकेवर शिकवतात, कापसावर पीएचडी. झाली तर नोकरी पक्की, न्हाई तर घरी.

*

वाक्याच्या शेवटी संदर्भाचा आकडा, मागच्या यादीत तोच आकडा. एवढं साधं काम! सर म्हणाले, "आकडे चौकोनी कंसात घ्या, ताई." घेतले. त्यांचे गाईड म्हणाले, गोल. सेटिंगमध्ये एक शब्द बदलला की झालं, म्हणून फाइल उघडली. तर काय! सरांनी ती घरी नेऊन सगळे आकडे पुन्हा हातानं टाइप केल्ते, आता सेटिंगला एकबी आकडा ओळखू येईना. "कम्प्युटरवर भरोसा न्हाई, ताई!"

*

मंग सरांनी यादीतला सातवा संदर्भ काढला. खालचे सगळे एकेक घर वर सरकले, वाक्यातले आकडे मात्र जागचे हलले न्हाईत. ठिबकच्या वाक्याला बोंडअळीचा संदर्भ! मी ओरडले. सर एकदम शांत. "दोन्ही कापसाचेच हायेत ना?"

*

गाईडनी फर्मावलं, कंस नकोत, आकडे बारीक करून शब्दाच्या डोक्यावर चढवा. चढवले. लगेच गाईडचा फोन: "कापसाच्या दोन ओळींतलं अंतर एक चौरस मीटर कसं काय?" मीटरच्या डोक्यावर नेमका दोन नंबरचा संदर्भ बसल्ता! सर म्हणतात, "तेवढा तीन करा की, ताई."

करा की! मंग घनमीटर होईल, बाप्पा!

*

शेवटी गाईडचा निरोप: "यादीत माझा पेपर एक नंबरला पाहिजे." मान असतो म्हणे! आकडे वाक्यांच्या क्रमानं पडतात, म्हणून सरांनी तो पहिल्याच वाक्याला चिकटवला. वाक्य काय, तर कापूस हे जिल्ह्याचं मुख्य पीक. अन् पेपर डाळिंबाचा! मी हात जोडले. ऐकतो कोण?

तोंडी परीक्षेला प्रती घेऊन मीच गेल्ते. बाहेरगावचे परीक्षक सहीसाठी पेन उघडून थांबले. "या डाळिंबाच्या पेपरात कापसाचं कुठं लिहिलंय?"

गेली सरांची नोकरी!

सर खरं बोलून गेले. "कुठंच न्हाई, सर. मी पूर्ण वाचलाय."

परीक्षक गाईडकडं वळले. "पेपर तुमचाच ना? काय आहे यात?"

गाईड चष्मा पुसत म्हणाले, "बघावं लागेल."

परीक्षकांनी सही ठोकली. "अभिनंदन, डॉक्टर! या खोलीत हा पेपर वाचलेले तुम्ही एकटेच आहात."