बाण दिसतोय ना?

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो, ते ड्रॉवरमधल्या जुन्या वायरींसारखे आपोआप साठतात. ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात मी बारा वर्षं गणिताची पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवतोय. त्यातली निम्मी वर्षं गणितातल्या एका बाणाच्या मागे गेली. खरं सांगतो, थकलोय!

ज्या मुलांना दिसत नाही ती आमची पुस्तकं ऐकतात. कॉम्प्युटर पान मोठ्याने वाचतो. पण त्याला चित्र कळत नाही, प्रत्येक चिन्हाला नेमून दिलेला कोड तेवढा कळतो. साध्या बाणाचा वेगळा, दुहेरी बाणाचा वेगळा. म्हणून शेवटची तपासणी वैशाली करते, कानाने. ती नावड्याची, तिला जन्मापासून दिसत नाही. आणि आमचे मॅनेजर सावंत सर सहा महिने एकच वाक्य घोकतायत, "बाण दिसतोय ना बरोबर? मग ऐकायला वेगळा माणूस कशाला?" तिची नोकरी त्या वाक्यावर लटकलीय.

*

एका प्राध्यापकांच्या फाइलमध्ये प्रत्येक बाणाच्या जागी à उमटला. आमचे प्रूफरीडर मोहिते काका साताऱ्याचे. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"ह्या a च्या डोक्यावर काडी कुणी ठेवली रं?"

मी फोन लावला तर प्राध्यापक भडकले, "माझ्याकडे बाणच दिसतोय!" दिसणारच. त्यांच्या मशीनमध्ये अक्षराच्या जागी चित्र दाखवणारा फॉन्ट. वरून बाण, आत à. पाऊण तास समजावलं. शेवटी म्हणाले, "मग तुम्हीच माझ्याकडे येऊन बघा!"

*

दुसऱ्या एका प्राध्यापक बाईंना कीबोर्डवर बाण सापडला नाही. त्यांनी आधी वजा, मग 'पेक्षा मोठा'चं चिन्ह टाकून तो बनवला. दिसायला झकास! वैशालीच्या हेडफोनमध्ये मशीन बोललं, "एक्स मायनस ग्रेटर दॅन झीरो."

तिने हेडफोन काढला. "दादा, हा एक्स करतो तरी काय? वजा होतो का मोटा होतो? येकदा काय ते ठरवा नं!"

*

ते निस्तरायला सावंत सर स्वतः बसले. "टेन्शन नको, एका क्लिकचं काम हाय." त्यांनी पुस्तकातल्या प्रत्येक 'पेक्षा मोठा'च्या जागी बाण टाकला. प्रत्येक म्हणजे प्रत्येक!

काकांनी प्रूफ हातात घेतलं. ५ → ३. बाणावर पेन्सिल टेकवली.

"पाच तीनपेक्षा मोठा होता. आता त्याच्याच दारी निघालाय. कुणावर काय वेळ येईल, सांगता येत न्हाई."

तीनशे पानं पुन्हा तपासली. मी तेव्हाच राजीनामा लिहिला होता, दिला नाही इतकंच.

*

घरीही सुटका नाही. सोसायटीच्या नोटिशीत 'मीटिंग हॉल' पुढचा बाण प्रिंटरने खाल्ला आणि रिकामा चौकोन छापला. सेक्रेटरी थेट दारात. "तुमी ते बाणवाले ना? मग आमचा बाण गेला कुठं?" रविवार होता हो!

*

आणि परवाची मीटिंग. सरांनी नवीन पुस्तकाचं पान भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर लावलं. ठसठशीत बाण. पुढच्या महिन्यापासून ऐकून तपासणं बंद, असं त्यांनी जाहीर केलं. वैशाली माझ्या शेजारी बसली होती. मी वहीत बाण गिरवत बसलो, लाज वाटली स्वतःची.

ती एवढंच म्हणाली, "सर, येकदा मशीनला वाचू द्या."

मशीनने वाचलं, "एक्स रजिस्टर्ड झीरो."

जुन्या फॉन्टमधला बाण होता तो. आत कोड भलताच, कंपन्यांच्या नावापुढे गोलात R असतो ना, त्याचा. सर लालबुंद झाले.

"अरे, मशीन काय बोलतंय ते सोडा! बाण दिसतोय ना? एवढा मोठा दिसतोय! कुणाला दिसत नसेल तर हात वर करा!"

वैशालीने हात वर केला.