सगळ्यात वाईट घर

उषाताई गाडेकर मोसंबी घ्यायला गेल्या की ढिगावरच्या पिवळ्याधमक फळांकडे बघायच्याही नाहीत. "दादा, तुमच्या ढिगातली सगळ्यात वाईट मोसंबी दाखवा," म्हणायच्या. विकणारा आधी हसायचा, मग चिडायचा, मग खरंच शोधायला लागायचा. ती खाण्यासारखी निघाली तर ताई दोन किलो घ्यायच्या. "चांगली काय, आपली आपण चांगली असती. माल ठरतो तो वाईटावर." भाचीसाठी स्थळ बघायला गेल्या तेव्हा मुलाच्या आईलाही त्यांनी हाच प्रश्न विचारला होता म्हणे. तरी लग्न जमलं!

मला कामावर ठेवतानाही तेच. "तुझ्यातलं सगळ्यात वाईट काय हाय, ते सांग." मी कोकणातून इतक्या लांब जालन्याला आलेला, आठवीतून शाळा सोडलेला, आणि समोरच्या फॉर्मवर 'दहावी पास' लिहून बसलेला. म्हणालो, "मला झोप फार येते."

"मंग कडक खुर्ची देते," ताई म्हणाल्या आणि दिलीही. आज बंगळुरात मऊ खुर्चीवर बसून मी हेच काम करतो, ते त्या कडक खुर्चीच्या कृपेने.

ताई मूळच्या जालना जिल्ह्यातल्याच आष्टीच्या, शेतकरी घरातल्या. मेकॅनिकल इंजिनिअर झाल्या, पुण्यात नोकरी केली, वडील आजारी पडले तेव्हा परत आल्या. नवीन जालन्यात बियाण्यांच्या गोदामावर दोन खोल्या घेऊन त्यांनी ऑफिस थाटलं होतं. पुण्याच्या एका कंपनीकडून पंख्यांच्या पात्यांची कामं यायची. पातं आडवं कापलं की पुढे गोल नाक आणि मागे निमुळती शेपूट असा आकार दिसतो. त्याला एअरफॉइल म्हणतात. त्याच्याभोवती हवा कशी वाहील याचं गणित कंप्युटर करतो, पण आधी त्याला तिथे बारीक घरांची जाळी आखून द्यावी लागते. जाळीचे ठिपके, म्हणजे या घरांचे कोपरे, कुठे दाट आणि कुठे विरळ, हे ठरवणं आमचं काम.

पहिल्या दिवशी मी सगळे ठिपके सारख्या अंतरावर मांडले आणि कौतुकाची वाट बघत बसलो.

"कवायत घेऊन राह्यला का रे?" ताई म्हणाल्या. "शहागडला गेल्ता ना? पुलाजवळ बघ, टपरीला टपरी लागून. पुढं सरळ रस्त्याला कोण बसतं? हवेचं बी तसंच. नाकावर ती वळती, तिथं दाटी कर. शेपटीवर वरची आन खालची हवा भेटती, तिथं दाटी कर. मधी पाठीवर मोकळं सोड."

मी पाठीवर एकदम मोकळं सोडलं. ताईंनी कपाळाला हात लावला. "अरे, गावातून पाऊल काढलं की लगेच माळ लागतो का? आधी घरं, मंग गोठे, मंग खळे, मंग शेत. पुढचं घर मागच्याच्या सव्वापट, बस्स. त्याच्यावर गेला की हवा ठेचकाळती."

जाळी झाली की त्या खुर्ची ओढून बसायच्या. "आता सगळ्यात वाईट घर दाखव." सॉफ्टवेअरला विचारलं की ते बरोबर सांगतं, कुठलं घर सगळ्यात वाकडं किंवा शेजारच्यापेक्षा एकदम मोठं आहे. ते चालण्यासारखं असेल तरच ताई सही करायच्या.

पुण्याने तीन नमुने मागितले होते. ते पसंत पडले तर वर्षभराचं काम, नाहीतर माझा परतीचा रस्ता. दोन पसंत पडले. तिसरा पाठवायच्या दिवशी मला दिसलं, की शेपटीच्या मागे हवा जाते त्या रेषेवर ठिपक्यांमधलं पहिलं अंतर द्यायचं राहून गेलंय. शेपटीवर मुंगीएवढी घरं आणि त्यांना लागून गोदामाएवढं एक. लोडशेडिंगला दहा मिनिटं उरली होती. ताई आल्या. "सगळ्यात वाईट घर दाखव." मी दुसऱ्या नंबरचं दाखवलं.

"चालतंय," ताई म्हणाल्या. फाईल गेली.

तिसऱ्या दिवशी पुण्याच्या साहेबांचा फोन आला. शेपटीपाशी गणित फुटतंय, असंच असेल तर काम दुसरीकडे देतो. ताईंनी स्पीकर चालू केला. "ज्यानं केलं तोच सांगल, साहेब." आणि माझ्याकडे बोट केलं.

"साहेब, शेपटीमागच्या रेषेवर पहिलं अंतर द्यायचं राहिलं. मला दिसलं होतं. ताईंना मी दुसरंच घर दाखवलं."

ताईंनी मान वर केली.

"तुम्ही इंजिनिअरिंग कुठून केलंत?" साहेब म्हणाले.

बुडायचंच तर पुरतं बुडू, असं मनाशी म्हटलं. "केलं नाही, साहेब. आठवी."

"आठवी?" हे साहेब नव्हे, ताई ओरडल्या. "फॉर्मात दहावी लिहिल्ती तू!"

"तेही खोटं, ताई."

पलीकडे साहेबांना हसू आवरेना. "मॅडम, तुमच्याकडे आज अजून काय काय निघणार आहे?"

"निघंल तितकं निघू द्या," ताई म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत दुसरी जाळी पाठवते."

त्यांनी फोन ठेवला. मग म्हणाल्या, "आठवीचं मला काही न्हाई. पण मी तुझ्या डोळ्यावर सही करते रे. तो डोळाच मला फसवाया लागला, तर मी कोणाला विचारू?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मी शेपटीमागचे ठिपके पुन्हा मांडले, एकेक घर सव्वापटीने वाढवत. या वेळी ताईंनी विचारायच्या आत वाईट घर दाखवलं.

आठवड्याने वर्षाचं काम आलं. पहिल्या जाळीसोबत पाठवायच्या कागदावर 'काम करणारा' आणि 'शिक्षण' असे दोन रकाने होते. आजवर तिथे ताईंचं नाव आणि डिग्री असायची. त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मी नाव टाकलं आणि पुढच्या रकान्यात थांबलो.

"ताई, इथे काय लिहू?"

"झालंय तितकं लिही."

मी 'आठवी' लिहिलं. ताईंनी कागद छापून काढला, नीट वाचला आणि खाली सही केली.