पडद्याकडे पाठ

स्वतःची मालिका पाहताना दीदी टीव्हीकडे पाठ करून बसत. दर रविवारी संध्याकाळी दिल्लीत लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये शेजारची दोन-तीन कुटुंबे जमत. सगळे सोफ्यावर, खुर्च्यांवर स्थिरावले की दीदी टीव्हीच्या अगदी खाली चटई टाकून, आमच्याकडे तोंड करून मांडी घालत. नव्या पाहुण्याला ते फार अवघड वाटे. "दीदी, आप भी देखिए ना," असे कुणी म्हणालेच तर त्या म्हणत, "देख ही तो रही हूँ।" त्या चेहरे पाहत असत. कुठे जांभई आली, कुठे भुवई वर गेली, कुणी मुलाला जवळ ओढून घेतले, हे सगळे त्या मनात साठवत.

दीदी मूळच्या पुण्याच्या आणि वयाने माझ्याहून लहान. परंतु दिल्लीत अख्खे युनिट त्यांना दीदी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. वन्यप्राण्यांची चोरटी शिकार आणि व्यापार या विषयावर त्या हिंदी मालिका करत होत्या. मी आयुष्यभर शाळेत हिंदी शिकवलेली. पन्नाशी उलटल्यावर, माझ्या पतींनी जवळजवळ ढकलल्यामुळे, त्यांच्याकडे संवाद लिहायला लागले. मुनिरक्यातल्या दोन भाड्याच्या खोल्या हे आमचे कार्यालय. तिथे मी भिंतीकडची खुर्ची धरून बसे आणि फोन वाजला की दुसरे कुणी उचलेल अशी वाट पाही. अनोळखी माणसाशी फोनवर बोलणे मला आजही जमत नाही. दीदी हसत. म्हणत, "मास्तरीणबाई, फोन चावत नाही हो. आपल्या मालिकेत काहीच चावत नाही."

ते खरेच होते. जिवंत प्राणी सेटवर आणायचा नाही, हा त्यांचा नियम. मांडुळाच्या भागाची तयारी सुरू झाली तेव्हा त्या मला घेऊन करोल बागेत गेल्या, तेही मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात. काळसर, जाडजूड रबरी पाइप हातात वाकवून पाहू लागल्या. दुकानदाराने विचारले, "कौन-सी गाड़ी का चाहिए, मैडम?" दीदी गंभीरपणे म्हणाल्या, "साँप का।" त्यानेही तितक्याच गंभीरपणे आणखी एक पाइप काढून दिला. "तो ये लीजिए, ये ज़्यादा मुड़ता है।" परतताना मेट्रोत तो पाइप मांडीवर घेऊन त्या इतक्या हसल्या की शेजारची बाई सरकून बसली.

दुसरा नियम मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. "गुन्हा दाखवायचा, शिकवायचा नाही," असे त्या म्हणत. फास कसा लावतात, माल कुठल्या वाटेने जातो, यातले काहीही पडद्यावर येता कामा नये. आणि प्राण्याची किंमत तर कधीच नाही. वाहिनीचा तरुण अधिकारी यावर वैतागे. "दीदी, दाम ही नहीं बताओगे तो ऑडियन्स को लगेगा, इतने से साँप के पीछे इतना हंगामा क्यों? बड़ा आँकड़ा चाहिए, यार।" दीदी त्याला चहा पाजून परत पाठवत आणि नंतर मला म्हणत, "चोराची बदनामी करायला निघायचं आणि त्याची जाहिरात करून यायचं, असं नको व्हायला."

मांडुळाच्या भागासाठी तो अधिकारी हटूनच बसला. अखेर एका प्रसंगात किमतीचा आकडा घालून पाहायचे ठरले. तो आकडा मी इथे लिहिणार नाही. प्रसारणाआधीचा कच्चा भाग नेहमीप्रमाणे आमच्या घरी शेजाऱ्यांना दाखवला. समोरच्या क्वार्टरमधले भटनागरजी, कचेरीची पेन्सिलही घरी न आणणारे गृहस्थ, आकडा ऐकताच किंचित पुढे झुकले. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी अगदी सहज विचारले, "सच में इतना मिलता है?" त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "क्यों, छत पर पालोगे?" सगळे हसले. दीदी हसल्या नाहीत. भांडी विसळायला मला मदत करताना त्या हळूच म्हणाल्या, "भटनागरजींसारख्या माणसाचे डोळे असे चमकले. ज्याच्या शेतात खरोखर मांडूळ निघतं, त्याचं काय?"

त्यांनी तो संवाद काढून टाकला आणि मला नवा लिहायला सांगितला. गावकरी विचारतो, "साहब, इसका मिलता कितना है?" त्यावर वन अधिकाऱ्याने काय म्हणावे, याचा मी बरेच दिवस विचार केला. शेवटी लिहिले, "जिसको मिला हो, उसे मेरे पास ले आना। मैंने आज तक ऐसा आदमी नहीं देखा।" दीदींनी वाचले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बिल्कुल. हेच."

भाग प्रसारित झाला त्या रविवारी त्या चटईवर बसल्या होत्या. माझे वाक्य यायच्या जागी एक परकाच आवाज आला. वाहिनीने परस्पर आकडा पुन्हा बसवला होता. दीदी वळल्या नाहीत. त्या आमच्याकडेच पाहत राहिल्या, आणि मला प्रथमच वाटले की आपला चेहरा कुठेतरी लपवावा.

प्रत्येक भागाच्या शेवटी आमच्या कार्यालयाचा एक मोबाइल क्रमांक दाखवत: असा गुन्हा दिसला तर कळवा. दुसऱ्या दिवसापासून तो वाजू लागला. लोक गुन्हा कळवत नव्हते. "हमारे यहाँ एक निकला है, लेगा कौन?" असे विचारत होते. कुणी मडक्यात ठेवले होते, कुणी गोणीत. जिथे पत्ता मिळे तिथले दीदी वन खात्याला कळवत. बाकीच्यांना त्या स्वतः समजावत, की तो बिनविषारी जीव आहे, त्यात ना औषध आहे ना गुप्तधन, जिथून उचलला तिथे सोडा. वाहिनीकडे त्यांनी आकडा काढून भाग पुन्हा दाखवण्याची मागणी केली. वाहिनीने त्यांच्याकडून मालिकाच काढून घेतली. पुढचे भाग दुसऱ्याने केले. प्रेक्षक वाढले, असे ऐकले.

मुनिरक्याच्या खोल्या रिकाम्या झाल्या. दीदी मात्र त्या फोनपाशी बसून राहत. हळूहळू त्यांचा आवाज चढू लागला. एकदा त्या पलीकडच्या माणसावर ओरडल्या आणि त्याने फोन बंद केला.

पुण्याला परत जाण्याआधी त्या आमच्याकडे आल्या आणि तो फोन टेबलावर ठेवला. मी म्हणाले, "दीदी, मला नाही जमणार. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणूनच देतेय. मी आता ओरडते. ओरडलं की माणूस फोन ठेवतो आणि साप ठेवून घेतो. मास्तरीणबाई, तुम्हाला ओरडताच येत नाही." दारात त्या थांबल्या. "आणि आकडा विचारला तर..."

"सांगणार नाही."

आता फोन क्वचितच येतात. जुने भाग कुठेतरी पुन्हा लागले की येतात. गेल्या आठवड्यात एक आला. मी दोनदा हात मागे घेतला, मग उचलला. तरुण, संकोची आवाज. मांडूळ बादलीत होते. त्याने किंमत विचारली. मी माझे ते न ऐकू आलेले वाक्य म्हणाले, की ज्याला ती मिळाली असा माणूस आजवर कुणी पाहिलेला नाही. तो गप्प राहिला. मीही राहिले, गप्प राहणे मला येते.

"तो छोड़ दूँ?" त्याने विचारले.

"छोड़ दीजिए। मैं फोन पर हूँ।"

बादलीच्या कडीचा आवाज आला, मग चपलांचा, मग काहीच नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "चला गया, मैडम।"

त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. त्याने फोन ठेवल्यावरही मी तो तसाच कानाशी धरून बसले.