काकूंचं आमेन
तीळ भाजल्याचा वास आला की मला पोलोग्राउंडजवळचं आमचं दोन खोल्यांचं घर आठवतं. त्या रविवारी आमच्याकडे प्रार्थना होती. प्रार्थनेपायीच महिन्यापूर्वी एका गावात बाबांना मारहाण झाली होती, हात अजून प्लास्टरमध्ये होता. गाणं चालू असतानाच दहा-बारा जण दाराशी येऊन ओरडले, "अंदर क्या चल रहा है?" शेजारच्या काकू लाडू वळायचं सोडून धावत आल्या आणि दारात आडव्या उभ्या राहिल्या. "हळदीकुंकू है भिया, आदमी लोग का क्या काम?" तेवढ्यात बाबा उठले. "वहिनी, खोटं नको. प्रार्थना है भिया, येशू की." काकूंनी कपाळावर हात मारला, मग तिळाचे हात पदराला पुसत आत येऊन बाबांच्या शेजारी मांडी घालून बसल्या. "मग मी पण प्रार्थनेलाच आलेय. अब मारो, जिसको मारना है." कपाळभर कुंकू लावलेल्या त्या बाईवर हात उगारायला कुणी धजेना. ते निघून गेले. बाबांनी प्रार्थना पुरी केली, आम्ही आमेन म्हटलं आणि काकू सवयीने मोठ्यांदा म्हणाल्या, "मंगलमूर्ती मोरया!" कुणी हसलं नाही. आता बाबा आणि काकू दोघंही नाहीत. पण अजूनही आमेन म्हटल्यावर मी जरा थांबते, आणि काकूंचं 'मोरया' मनातल्या मनात म्हणूनच डोळे उघडते.