माझ्या नावानं उघडा

मी बोलत होते आणि मधेच माझा आवाज बंद झाला.

बंद झाला नाही. केला. आमच्या टीमच्या सरांनी हात लांब करून माझ्या लॅपटॉपचं बटण दाबलं आणि पडद्यावर माझ्या माईकवर लाल रेघ आली. माझं तोंड उघडंच. कॉलवर पलीकडची माणसं बघत होती. एक बाई तोंडावर हात धरून हसत होत्या.

काय बोलले होते मी असं? दूध संघाच्या कॉम्प्युटर विभागाचे साहेब विचारत होते, संध्याकाळी सगळ्या गावांतली संकलन केंद्रं एकदम सुरू होतात, तेव्हा तुमची यंत्रणा तग धरेल का. ते काम मी केलेलं. म्हणून मी म्हणाले, "व्हय साहेब, धरतीय की. गर्दी वाढली की डबं आपसूक वाढत्यात, गर्दी सरली की कमी हुत्यात."

एवढंच. संघाचे साहेब हसले नाहीत. ते शाहूवाडीकडचे, त्यांना कळलं होतं. हसले ते संघानं नेमलेले पुण्याचे सल्लागार. सर शरमले. माझ्यामुळं. म्हणाले, "सॉरी हं, ही जरा गावाकडची आहे. मी सांगतो." आणि मी सांगितलेलंच त्यांनी इंग्रजीत सांगितलं. सल्लागारांनी माना डोलावल्या.

मी कबनूरची. आप्पा यंत्रमागावर, आई घरात मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. आमच्यात कुणी हळू बोलत नाही. मागाच्या खडखडाटात हळू बोललेलं कुणाला ऐकू जातंय? शाळेत बाई म्हणायच्या भांडू नकोस, आणि मी नुसतं पाणी मागत असायची. त्या आवाजाची मला कधी लाज वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली. तीच गोष्ट अजून डाचते. हसले ते लोक, आणि लाज मी धरून बसले.

इंजिनिअर झाले, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कंपनीत लागले. पहिल्या दिवशी सरांनी नाव विचारलं. सांगितलं. "पूर्ण नाव?" आडनाव सांगितलं. "अच्छा," म्हणाले. ज्यांना तो अच्छा कधी ऐकावा लागला नाही त्यांना तो समजावून सांगता येत नाही. आणि ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायची गरज नाही.

काम माझ्याकडं आलं ते नडीनं. सरांना वेळ नव्हता. दूध संघाचं ॲप क्लाऊडवर न्यायचं होतं. क्लाऊड म्हणजे कुठल्यातरी लांबच्या शहरातली भाड्याची मशिनं. त्या मशिनांची टोळी बांधायची, तिला क्लस्टर म्हणतात. ॲपचे तुकडे करून एकेक तुकडा बंद डब्यात घालायचा, तो कंटेनर. कुठला डबा कुठल्या मशिनवर बसेल, एक फुटला तर दुसरा कसा उभा राहील, कुणाचं दार कुणाला उघडेल, हे सगळं आधी लिहून ठेवायचं. मी लिहिलं. चुकले, रडले, पुन्हा लिहिलं. दोन क्लस्टर बांधले. एक सरावाचा, एक खरा. खऱ्यावर चंदगडच्या पावसातल्या केंद्रापासून सगळ्यांचं दूध आणि फॅट नोंदलं जायला लागलं. काय आनंद झाला होता मला!

पण ते सगळं सरांच्या लॉगिनवर. मी पहिल्यापासून मागत होते, सर, मला माझ्या नावाचं लॉगिन द्या. "देऊ गं, घाई काय आहे," म्हणायचे. सकाळी यायचे, पासवर्ड टाकायचे, खुर्ची माझ्याकडं सरकवायचे. मी दिवसभर बसायची आणि प्रत्येक ओळीपुढं त्यांचं नाव उमटायचं. आणि त्या हसण्यानंतर कॉल असला की मी त्यांच्या शेजारी, माईक बंद. कुणी काही विचारलं की मी चॅटमध्ये फक्त त्यांना उत्तर लिहायची, ते वाचून दाखवायचे. सल्लागार म्हणायचे, वा, काय डिझाइन केलंय. सर म्हणायचे, थँक यू.

हे मी घरी बोलले तेव्हा आप्पा जेवत होते. त्यांना क्लस्टर कळत नाही, कळावा अशी माझी अपेक्षाही नाही. त्यांच्या मागावर दोन पाळ्यांची दोन माणसं. पाळीवर आलेला माणूस आधी पेन्सिलनं कापडावर रेघ ओढतो, मग माग चालू करतो. रेघेच्या अलीकडचं आधीच्या पाळीचं, पलीकडचं त्याचं. कापडात फॉल्ट निघाला की मागमालकाचा दिवाणजी रेघ बघतो. आप्पा म्हणाले, "आणि तुझी रेघ कुठाय?"

मला राग आला. म्हटलं, आप्पा, हे मागाचं काम न्हाय, तुमाला काय कळतंय त्यातलं.

मग खंडेनवमी आली.

आमच्या कंपनीच्या मालकांच्या घरची फौंड्री. त्यांच्याकडं खंडेनवमीला सगळी यंत्रं थांबवायची, हळद-कुंकू लावायचं, हार घालायचा, नारळ फोडायचा आणि मग पुन्हा चालू करायची. कंपनी कॉम्प्युटरची निघाली तरी रीत तीच. मीटिंगच्या खोलीत सतरंजी टाकली, सगळ्यांचे लॅपटॉप ओळीत मांडले. मी माझा घेऊन पुढं झाले तर सर म्हणाले, "तुझा राहू दे तिकडंच, इथं जागा नाही." जागा होती. मी दाराशी उभी राहिले, लॅपटॉप पोटाशी धरून.

मालकांच्या मनात आलं, यंत्रं थांबवायची तर आपलं खरं यंत्र कुठलं? क्लस्टर. तो थांबवा की. सर खूश. म्हणाले, सरावाचा पाडून दाखवतो, नारळ फुटला की परत उभा करतो. त्यांचा लॅपटॉप मधल्या पाटावर, फुलांनी झाकलेला. पडदा भिंतीवरच्या टीव्हीवर. आणि टीव्हीला वरनं झेंडूचा हा एवढा जाड हार. कुठला क्लस्टर उघडाय ते नाव वरच्या ओळीत येतं. ती ओळ हाराआड.

मी दारातनं म्हणाले, "सर, हार जरा वर करा, नाव दिसंना झालंय."

"पूजा चाललीय. मधे बोलू नकोस."

मी गप्प बसले. सवय लागली होती ना. सरांनी सुटा कीबोर्ड मांडीवर घेतला, टीव्हीकडं बघत ओळ टाकली, एंटर दाबला. पडद्यावरचे डबे एकेक करून गेले. टाळ्या. मालकांनी नारळ फोडला. सगळ्यांनी पेढे खाल्ले. मलाही एकानं आणून दिला. तो हातात असतानाच मालकांचा फोन वाजला.

खरा पाडला होता.

पुढचं काय सांगू? सर उठून बाहेर गॅलरीत गेले. मला म्हणाले, तू बस, उभा कर. मी बसले. त्यांच्याच लॉगिनवर. हळदीचे हात लागलेला लॅपटॉप, बटणांत अक्षता. लिहिलेलं सगळं जपून ठेवलं होतं, त्यामुळं उभा राहणार होता, पण आधीच्या नोंदी परत आणायला वेळ लागतो, तो कुणाच्या बापाला चुकत नाही. बाहेर जेवणं चालली होती. संध्याकाळच्या दुधाला केंद्रं उघडली तेव्हा नोंद होईना. शाहूवाडीत बायका किटल्या घेऊन उभ्या, चंदगडात कागदावर फॅट लिहिण्यावरनं भांडणं. साहेबांचे फोनवर फोन. दिवेलागण झाल्यावर कुठं सगळं चालू झालं. मी उठले तेव्हा खोलीत कुणी नव्हतं.

दसरा झाल्यावर संघानं कॉल लावला. साहेबांनी मालकांना आधीच कळवलं होतं, ज्यानं हे केलं त्यानं ते आमच्यासमोर कबूल करावं आणि त्याचा हात परत आमच्या कामाला लागू नये.

सर माझ्याजवळ आले. इतक्या गोड आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. म्हणाले, तू नवीन आहेस, तुला माफ करतील. माझं नाव गेलं तर कंपनीचं जाईल. तुला आपण दुसऱ्या कामावर घेऊ. मी विचारलं, मी काय केलंय? म्हणाले, "तू काही केलंस असं कोण म्हणतंय? फक्त म्हणायचं आहे."

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. तेवढं बळ तेव्हा नव्हतं. मनात एवढंच चाललं होतं की हे काम हातातनं गेलं तर माझ्याजवळ दाखवायला काय उरतंय? कुठल्या ओळीवर माझं नाव हाय? बांधलं मी ते त्यांच्या नावावर, आणि पाडलं त्यांनी ते माझ्या. रेघच नव्हती ओढलेली. आप्पांनी तेवढंच विचारलं होतं आणि मी त्यांना गप्प केलं होतं.

कॉल सुरू झाला. तेच सल्लागार, तेच साहेब. आमच्या बाजूला मालक, सर, मी, आणि मागं आमची टीम, पूजेत टाळ्या वाजवणारी. सर म्हणाले, आमच्या सहकारी बोलतील. आणि त्यांनी हात लांब करून, स्वतःच्या बोटानं, माझा माईक चालू केला.

चॅटमध्ये त्यांनी फक्त मला दिसतील अशी वाक्यं टाकलेली. माझ्या निष्काळजीपणामुळे. मी दिलगिरी व्यक्त करते. शुद्ध, काना-मात्रेसकट. मी वाचायची होती.

इतके दिवस माझा आवाज कुणाला चालला नाही. पदराखाली झाकावा तसा झाकला. आणि आज उघडला तो कशासाठी? माती खायला. माझ्या डोक्यात काहीतरी खाडकन तुटलं. भीती गेली असं नाही. पण आवाज आला तो कबनूरचा आला.

"साहेब, हे मी केल्यालं न्हाय. सरांनी केलं. खंडेनवमीला, सगळ्यांच्या म्होरं. नाव हाराआड हुतं. मी थांबा म्हटलं तर मला गप्प बसवलं. हितं बसल्यात त्या सगळ्यांनी बघितलंय, इचारा त्यास्नी."

सरांचा हात माझ्या बटणाकडं आला. मी लॅपटॉप मांडीवर ओढून घेतला.

"हात काढा, सर."

पलीकडं कुणी हसलं नाही. साहेबांनी विचारलं, खरं हाय का हे? मी मागं वळून बघितलं. एक जण मोबाईल बघत होता. एक जण नखं. ज्यानं मला पेढा दिला होता तो भिंतीवरच्या टीव्हीकडं बघत होता. सर म्हणाले, माझ्या लॉगिनवर रोज हीच बसते, सगळ्यांना माहीत आहे. आणि ते खरंच होतं. मालकांनी कॉल कापला.

मग मालक मला म्हणाले, घरचं घरात ठेवायचं असतं, पोरी. मी विचारलं, कुठलं घर? पूजेला माझा लॅपटॉप ठेवायला सतरंजीवर जागा नव्हती, आणि आज मी घरची झाले व्हय? सर म्हणाले, ही काय भाषा झाली? मी म्हटलं, हीच.

काही सिद्ध झालं नाही. संघाचं म्हणणं, आधी तुमचं तुम्ही ठरवा. सर अजून सर आहेत. टीम माझ्याबरोबर चहाला येत नाही. आई म्हणते, कशाला नादाला लागलीस, नोकरी जाईल. जाईल कदाचित. आप्पांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ताटातली भाकरी मोडून अर्धी माझ्या ताटात ठेवली.

आज सकाळी संघाच्या ॲपचा नवा भाग खऱ्या क्लस्टरवर चढवायचा होता. ते काम अजून दुसऱ्या कुणाला येत नाही, म्हणून मी अजून तिथं आहे, एवढं मला कळतं. सर आले. पासवर्ड टाकला. खुर्ची माझ्याकडं सरकवली, रोजच्यासारखी. मी बसले आणि हात मांडीवर ठेवले.

"सुरू कर," सर म्हणाले.

मी बटणांना हात लावला नाही. मागं टीम थांबली. मालक काचेच्या केबिनमधून बघायला लागले. सर परत म्हणाले, सुरू कर. मी त्यांच्या नावाचं पान बंद केलं. पडदा रिकामा झाला. मग माझ्या आवाजात, पार जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं.

"आधी माझ्या नावानं उघडा."